पायाखालचं लाकूड

योकोसुकाच्या किनाऱ्यावरची जुनी युद्धनौका डागडुजीनंतर लोकांसाठी उघडली, त्या रविवारी सुतार तोकुजी बायकोला घेऊन गेला. किनुए घुश्शातच होती. दोन वर्षं नवरा तिथंच राबत होता. घरी झोपायलाच यायचा. मुलगी चालायला लागली, तेही त्यानं पाहिलं नव्हतं. "चला, सवत बघून घेऊ एकदाची," जिना चढताना ती म्हणाली. वर पोचली आणि मान उंचावून बघतच राहिली. आभाळात घुसलेली डोलकाठी, माणूस मावेल अशा तोफा. "यातलं तुम्ही काय केलंत?" तिनं हळूच विचारलं. "तू उभी आहेस ना, ते." तिनं खाली पाहिलं. सागवानी फळ्या टोकापर्यंत एका सुतात होत्या; सांध्यांतली डांबराची रेघ केसभरही हलली नव्हती. किनुएनं वाकून सपाता काढल्या. "बाई, इथं चपला चालतात," पहारेकरी म्हणाला. "तुम्हाला चालत असतील," म्हणत ती अनवाणी निघाली.