जमलेलं हसू

पडद्यावर स्वतःचा तरुण चेहरा लख्ख दिसला, तशी म्हातारी खुर्चीतून उठली.

"थांबवा."

चित्र थांबलं. पडद्यावरची बाई तोंडभर हसत होती. फिल्म संग्रहालयाच्या त्या छोट्या खोलीत तिघंच होते: म्हातारी, संग्रहालयाचे प्रमुख आणि वर्षभर डोळे फोडून ही जुनी फिल्म दुरुस्त करणारा तंत्रज्ञ. संध्याकाळी ती लोकांना दाखवायची होती.

"चेहऱ्यावरचे ओरखडे कुठे गेले?"

"काढले ना, बाई," तंत्रज्ञ खुशीत म्हणाला. "एकूण एक. फार खराब झाली होती हो. आणि सगळे ओरखडे नेमके चेहऱ्यावरच."

"नेमके चेहऱ्यावरच. आणि तुला काही वाटलं नाही?"

त्याने प्रमुखांकडे पाहिलं.

"ते मी ओढलेत. सुईने, एकेका चित्रावर. माझी फिल्म म्हणजे ते ओरखडेच. बाकी सगळं माझ्या नवऱ्याने काढलेलं आहे."

तंत्रज्ञ पांढराफटक पडला. "मला वाटलं, मशिनमध्ये घासली गेली असेल. ओरखड्यांसकटची प्रत आहे, बाई. ठेवलीय जपून. आत्ता लावतो."

"थांब जरा," प्रमुख म्हणाले. त्यांनी सिनेमाच्या इतिहासावर जाडजूड पुस्तकं लिहिली होती. सिनेमातलं त्यांना इतकं कळायचं की समोरचं माणूस दिसायचं बंद झालं होतं. "बाई, झालं ते एका अर्थी बरंच झालं. हा चेहरा आजवर कोणी पाहिलेलाच नव्हता. हा उजेड बघा, हे हसू बघा. इतकं सहज हसू पडद्यावर क्वचितच सापडतं. आज हीच दाखवू. ओरखड्यांची प्रत अभ्यासकांना कधीतरी दाखवता येईल."

"सहज?"

म्हातारीचा आवाज चढला नाही. "त्या दिवशी सकाळीच माझ्या आईला स्मशानात पोचवून आलो होतो. नवरा म्हणाला, ऊन छान पडलंय, हस. मी म्हटलं, आज नको. म्हणाला, रड नंतर, ऊन काही थांबायचं नाही. जमेपर्यंत हसवलं मला. हे जमलेलं."

प्रमुखांनी घसा खाकरला.

"वाईट वाटलं ऐकून. पण कलाकृती एकदा झाली की ती कोणाची राहत नाही, बाई. प्रतिमा स्वतःच बोलते."

पडद्यावरची बाई काही बोलत नव्हती. हसत होती.

याच्या एक कानाखाली वाजवावी, असं म्हातारीच्या मनात आलं. तिने पिशवीतून फोन काढला आणि प्रमुखांवर रोखला.

"हसा."

प्रमुख गोंधळले, पण हसले. फोटोला हसायची त्यांना सवय होती.

"फोटो नाही काढत. व्हिडिओ चालू आहे. हसा."

ते पुन्हा हसले, जरा मोठं.

"खोटं वाटतंय. सहज हवंय."

"बाई, हे काय चाललंय..."

"बोलू नका. हसा."

खरं तर तंत्रज्ञाने मध्ये पडायला हवं होतं. साहेब त्याचे, नोकरी त्याची. तो उठला आणि भिंतीपाशी जाऊन त्याने खोलीतले सगळे दिवे लावले.

प्रमुखांचे ओठ फाकलेलेच राहिले. गाल थरथरायला लागले. म्हातारी आणखी जवळ गेली, फोन त्यांच्या तोंडासमोर धरून वाट बघत उभी राहिली, आणि प्रमुखांनी दोन्ही हातांनी स्वतःचा चेहरा झाकून घेतला.