डॉक्टरांची जीप

“आज काय तो एक घाव दोन तुकडे करा,” सून म्हणाली आणि कमरेवर हात ठेवून अंगणात उभी राहिली.

फाटकाबाहेर भंगारवाल्याचा टेम्पो उभा होता. तो तिने बोलावला होता. जीपखाली मेकॅनिक आडवा झाला होता. त्याला मुलाने बोलावलं होतं. दोघांनाही एकाच सकाळी बोलावण्याचं शहाणपण याच घराला सुचू शकतं. भंगारवाला टेम्पोला टेकून निवांत चहा पीत होता. अशी घरं त्याने पुष्कळ पाहिली होती.

जीप अंगणाच्या ऐन मधोमध होती. पाहुण्यांना अंग चोरून तिच्या कडेने आत यावं लागे. दोरीवरचे कपडे तिला लागले की गंजाचे डाग पडत, ते कशानेही जात नसत. खालचा पत्रा असा खाल्ला गेला होता की आत बसलं तर पायाखाली गवत दिसे. मांजरीची सगळी बाळंतपणं मागच्या सीटवर झाली होती. दर उन्हाळ्यात मुलगा म्हणे, या वर्षी नक्की. मग एखादा पाना हरवे, आणि जीप जिथल्या तिथे.

“बाबांची जीप आहे ती,” मुलगा म्हणाला. “अख्ख्या डोंगरातली गुरं हिच्यामुळे वाचली. भंगारात घालायला काय रिकामा डबा आहे?”

“बाबांची, बाबांची!” व्हरांड्यातून आई कडाडली. “उठल्यासुटल्या तोच जप. देऊन टाक म्हणते ना मी! जाऊ दे एकदाची डोळ्यांसमोरून.”

ती खुर्चीत बसली होती. अंगापिंडाने एवढीशी, त्यामुळे तिचे पाय जमिनीला टेकत नसत. सुनेने त्यांच्याखाली एक पाट ठेवला होता.

सुनेने नवऱ्याकडे बघून भुवई उडवली. मुलाला आईचं हे वागणं कळत नसे. बाबांच्या माघारी आईला जीप बघवत नाही, असं तो सगळ्यांना हळव्या आवाजात सांगे. तो आवाज ऐकला की आईचं डोकं आणखी फिरे.

आत भिंतीवर बाबांचा फोटो होता. गुरांचे डॉक्टर, ताडमाड उंच, जीपच्या स्टिअरिंगमागे घडी घालून कोंबल्यासारखे, गुडघे पार कानापाशी. वस्तीवस्तीत ते असेच पोचत. पोरं खिदळत मागे धावत. डॉक्टर म्हणत, “सीट अडकलीय रे, मागेच जात नाही. दुरुस्तीला वेळ कुणाला आहे?” मुलगा हा किस्सा येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. आपल्याला शेजारच्या काकूंकडे ठेवून आईही जायची, औषधांची पेटी सांभाळायला, हे तो शेवटी सांगायचा. आठवलं तर.

मेकॅनिक जीपखालून सरपटत बाहेर आला.

“इंजिन होईल साहेब. पत्राही बदलू. पण आधी ही सीट. बोल्ट गंजून एकजीव झालेत. गॅसने कापून मागे घ्यावी लागेल, नाहीतर तुम्ही बसणार कसे? आणि पेडलांवर हे लाकडाचे ठोकळे कुणी बसवलेत? ते काढतो.” पक्कड घेऊन तो आत वाकला.

“खबरदार, ठोकळ्यांना हात लावलास तर!”

पाट बाजूला लोटून आई उठली होती. पायात चपला न घालता तरातरा ती जीपपाशी आली.

“धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं,” सून पुटपुटली.

“आई, आत्ता तूच म्हणालीस, देऊन टाक,” मुलगा वैतागला. “आणि ठोकळे काय मी फेकून देणार आहे? बाबांनी बसवलेत ते. शोकेसमध्ये ठेवतो की.”

“शोकेसमध्ये!” आईने कपाळावर हात मारला. “अरे, अक्कल गहाण टाकलीस का? गुडघे कानाला लागायचे त्यांचे. त्यांना ठोकळे कशाला लागतील?”

सुनेने पेडलांकडे पाहिलं, मग सासूच्या पायांकडे, मग व्हरांड्यातल्या पाटाकडे.

“दरी दिसली की त्यांचे डोळे फिरायचे,” आई म्हणाली. “घरातून निघताना ते चालवायचे, वस्तीत शिरताना ते चालवायचे. मधला सगळा घाट मी. वळणावर जागा बदलायचो. डोंगरातला डॉक्टर आणि घाटाला घाबरतो, लोक हसतील म्हणाले. कुणाला बोलू नकोस म्हणाले. नाही बोलले. तुलासुद्धा नाही. पण उठून बाबांची जीप, बसून बाबांची जीप! किती ऐकायचं माणसाने? म्हटलं, त्यापेक्षा जाऊ दे भंगारात.”

तिचा आवाज चिरकला. त्याचाही तिला राग आला. तिने मेकॅनिकला हाताने बाजूला सारलं, दाराची कड धरली आणि सवयीने वर चढली. मेकॅनिक हात पुढे करणार, तोवर ती बसलीसुद्धा. तिचे पाय दोन्ही ठोकळ्यांवर पुरते टेकले.

मुलाने वाकून त्या पायांकडे पाहिलं. भंगारवाल्याने रिकामा कप फाटकावर ठेवला आणि टेम्पो सुरू केला.

“मग आता?” मुलाने हळूच विचारलं.

“दुरुस्त कर. पण सीट तसूभरही मागे घ्यायची नाही.”

“अगं, मग मी चालवणार कशी?”

“तुला कोण चालवायला सांगतंय? तू पलीकडे बस,” आई म्हणाली. “आणि घाट लागला की डोळे मिटून घे.”