पडवीसकट

"साहेब, तिथं भिंत आहे. दार इकडून."

आराखडा तपासायला मुंबईहून आलेले साहेब उचललेला पाय तसाच धरून थांबले. समोर नुसता माळ होता आणि त्यावर चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा. दरडीखाली गेलेल्या वाडीनं आपली नवी घरं खऱ्या मापानं जमिनीवर आखून ठेवली होती. त्यांना अडवणारी सरपंच अनसूया पाष्टे पदर खोचून उभी होती. गावाचा आराखडा सरकारनं दोनदा परत पाठवला होता. घरापुढं पडवी कशाला, एवढाच आक्षेप. आजही नकार आला असता, तर हाही पावसाळा पत्र्याच्या शेडमध्ये काढावा लागणार होता.

साहेब वळसा घालून दाराशी आले. जरा घुटमळले, आणि मग त्यांनी बूट काढले. अनसूयानं खोचलेला पदर सोडला.

उन्हातून आलेल्या माणसाला आधी पडवीत टेकवायचं, ही वाडीची रीत. तिनं पडवीच्या रेघांमध्ये घोंगडी अंथरली, गूळपाणी पुढं केलं. "बसा. घर कुठं पळून जात नाही."

साहेब मांडी घालून बसले. तांब्या रिकामा करून बरोबरच्या इंजिनिअरला म्हणाले, "पडवीसकट मंजूर करा. नाहीतर आल्यागेल्यानं बसायचं कुठं?"

त्या संध्याकाळी शेडकडे कुणी फिरकलंच नाही. सगळी वाडी आपापल्या घरात जाऊन बसली, आणि उघड्या माळावर प्रत्येक दाराबाहेर चपला काढलेल्या होत्या.