थांबायचा टाइम

मुरबाडच्या शेडमध्ये बारकूने दारं कोरणाऱ्या मशीनला वेग सांभाळणारा नवा ड्राइव्ह जोडला. कटर फिरवणारा स्पिंडल किती पळवायचा, किती लवकर थांबवायचा, हे आकडे जळालेल्या जुन्यात लेकीनेच भरले होते. कटर थांबायच्या आतच भुशात हात घालायची बारकूला भारी खोड, शेजारून ती ओरडायची, "बाबा, हात!" आता ती डोळखांबला सासरी. त्याने फोन लावला. "चारशे हर्ट्झवर पळव, बाबा. आता थांबायचा टाइम..." सासूची हाक आली. "आले हां!" म्हणत तिने फोन ठेवला. नव्या सुनेला माहेरून सारखा फोन बरा दिसत नाय. थांबायचा आकडा न भरताच त्याने बटण दाबलं. मशीन झकास चाललं. बंद केल्यावर आवाज विरला आणि हात आपसूक भुशाकडे निघाला. कटर मुकाट गरगरतच होता. "बाबा, हात!" हात मागे आला. बारकू स्वतःच ओरडला होता. शेडमध्ये दुसरं होतं कोण?