केळीचा चीक

अभिनयाच्या पदव्युत्तर प्रवेशाची दोन पत्रं घेऊन हेमाली गिरीज गावातल्या केळीच्या वाडीत पप्पांसमोर उभी होती. होकार आजच कळवायचा होता. दोन्ही प्रवेशपरीक्षांत तिने केळीचा लोंगर, म्हणजे अख्खा घड, झाडावरून उतरवण्याचा मूकाभिनय केला होता. केळं सोललेलंच पाहिलेल्या विख्यात संस्थेच्या परीक्षकांनी चार परदेशी सिद्धांतांसह पानभर गौरव केला होता. लहानशा विद्यापीठातल्या बाईंनी एकच ओळ लिहिली होती: “चीक अंगावर गळत होता, तू हललीच नाहीस.” पप्पा खदखदून हसले. “बरोब्बर पकडलं तुला! पण याच्यासाठी दोन वर्षं घालवायची?” हेमालीने उत्तरादाखल रिकाम्या मुठीतला कोयता उगारला, नसलेला लोंगर छाटला आणि खांदा झटकन वाचवला. “अगं, नवी ओढणी! चिकाचा डाग जायचा नाही!” ओट्यावरून आई धावलीच. “जा, शिकून ये,” पप्पा पुटपुटले. हेमालीने बाईंनाच होकार कळवला, तेव्हाही आई कोऱ्या ओढणीवर डाग शोधत होती.