सरावाचं कुलूप

चावीशिवाय कुलपं उघडणं हा माझा छंद. सरावाचं कुलूप निवडायला होणाऱ्या सासऱ्यांच्याच दुकानात गेलो, हे चुकलंच. "काका, पटकन उघडेल असं दाखवा." काकांनी चष्मा काढला. "तसलं आम्ही ठेवत नाही." सर्वांत भारी कुलूप त्यांनी काउंटरवर आदळलं. "हे उघड, मग लग्नाचं बोलू." मी वाकड्या तारा घातल्या. आतली एकेक पिन जागेवर बसत गेली. शेवटच्या पिनेशी थांबलो. उघडलं तर गिऱ्हाइकांदेखत काकांची अब्रू जाणार, नाहीतर माझी बायको. गल्ल्यावरच्या त्यांच्या मुलीने डोळ्यांनीच 'नको' म्हटलं. "नाही जमत, काका." काका खुलले. लगेच ती उठली, "बाबा, मी बघू?" माझ्याच तारांनी तिने उरलेली पिन बसवली, कुलूप क्षणात उघडलं. "पोरगी कुणाची!" काका गरजले. मग माझ्यापुढे बॅगेचं चिमुकलं कुलूप ठेवलं. "आधी हे उघड." घरी सराव करू म्हणून मी ते खिशात टाकलं, तर तार न लावताच ते आपोआप उघडलं.