पुलाखालची दुसरी खुर्ची

"बसा, कुंदनशेठ," कर्नल रविराज बोरस्ते म्हणाले आणि नव्या पुलाखाली मांडलेल्या दोन खुर्च्यांपैकी एकीत स्वतः बसले.

साहेब गंमत करताहेत असं कुंदनशेठला वाटलं. तो हसला. त्याच्यामागं हसायला नेहमीची चार माणसं होतीच, तीही हसली. वर पुलाच्या तोंडाशी खडीनं गच्च भरलेले डंपर रांगेत उभे होते. आज पुलाची चाचणी होती. पंचवटीतली रिकामी माणसं बघायला जमली होती, वर्तमानपत्रवाले आले होते, बंदोबस्ताला पोलिसांची जीप होती आणि कंत्राटदार म्हणून कुंदनशेठच्या गळ्यात सकाळीच झेंडूचा हार पडला होता.

तो हार सुवर्णाला बघवत नव्हता. ती कर्नलची भावजय. दिरानं गाडी पाठवली म्हणून सायखेड्याहून आली होती खरी, पण आल्यापासून तिनं त्याच्याकडं मान वळवून बघितलं नव्हतं. दोन वर्षं ती त्याच्याशी बोलत नव्हती, आणि आजही बोलणार नव्हती.

सायखेड्याजवळच्या ओढ्यावरचा पूल याच कुंदनशेठनं बांधला होता. चार पावसाळेसुद्धा टिकला नाही. पडला तेव्हा त्याच्यावर टोमॅटोचे क्रेट भरलेला ट्रॅक्टर होता आणि ट्रॅक्टरवर सुवर्णाचा नवरा, मल्हारी. चौकशी झाली. सगळा दोष पुराच्या पाण्यावर ढकलून मंडळी हात धुऊन मोकळी झाली. पाणी काय, उलटून बोलत नाही!

मल्हारीनं शेत कसून धाकट्या भावाला शिकवलं होतं. तो फौजेत इंजिनिअर झाला, लडाखच्या नद्यांवर त्यानं पूल टाकले. निवृत्त होऊन नाशिकच्या नव्या रस्त्यांचा आणि पुलांचा प्रमुख होऊन आला, तेव्हा सुवर्णानं ग्रामदेवतेला नारळ फोडला. आता या मेल्याची खोड मोडणार! आणि साहेबांनी पहिलं मोठं काम, या पुलाचं, दिलं कुणाला? कुंदनशेठला! भावाचं वर्षश्राद्धही झालं नव्हतं. त्या दिवसापासून तिनं दिराचं नाव टाकलं. भाऊबंदांनी हात जोडून समजावलं, पण ती बधली नाही.

"साहेब, खाली बसून काय करायचं? टेस्ट तर वर हाय," कुंदनशेठ म्हणाला.

"फौजेत आमची एक रीत आहे. पुलावरून पहिलं वजन जातं, तेव्हा पूल बांधणारा पुलाखाली असतो. मी बसलोय. तुम्ही शेजारी या."

"मला बीपीचा त्रास हाय, साहेब."

"म्हणून तर खुर्ची ठेवलीय."

आता वर्तमानपत्रवाले पुढं सरकले. कुंदनशेठनं दोन पावलं टाकली, मान वर करून पुलाचं पोट बघितलं आणि तिथंच थबकला. कर्नलनी हात वर केला. वरचा पहिला डंपर घरघरत सुरू झाला.

सुवर्णा बघत होती. बसू दे दोघांना, तिच्या मनात आलं. एक मारणारा आणि एक मारणाऱ्याला पोसणारा. दोघंही एकदम गाडले गेले तरी तिच्या डोळ्यांतून टिपूस निघणार नव्हतं.

डंपरचं पुढचं चाक पुलावर चढलं आणि कुंदनशेठ उलट्या पावली पळाला. हार तुटून चिखलात पडला.

"थांबवा! गाडी पुढं घेऊ नका! माणूस मरंल!"

"का?" कर्नल जागचे हलले नाहीत. "पूल तुम्हीच बांधलाय ना?"

"सळई कमी हाय, साहेब! सायखेड्याला घातली तेवढीच हाय हिथं!"

खाई त्याला खवखवे म्हणतात. इथं तर ती खवखव साऱ्या गावादेखत तोंडावाटे बाहेर पडली. आपण काय बोलून बसलो ते कुंदनशेठच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. कॅमेरे त्याच्या तोंडापाशी होते आणि त्याची चार माणसं केव्हाच मागच्या मागं पसार झाली होती.

जे ऐकायला सुवर्णाचे कान आसुसले होते, ते तिनं ऐकलं. पण तिला त्याचं सुख घेता येईना. डंपर थांबला नव्हता. त्याच्यामागं दुसरा चढला, मग तिसरा. खाली तिचा दीर मांडीवर हात ठेवून बसला होता, आणि तो हुबेहूब मल्हारीसारखा दिसत होता.

"भाऊजी, उठा!" ती ओरडली आणि धावली. "ऐकलं नाय का? सळई कमी हाय!"

तिनं त्याचा दंड धरून ओढला. तो उठेना. वर चाकं धडधडत होती. तिनं डोळे गच्च मिटले आणि दंड तसाच धरून ठेवला. वरचा आवाज थांबला, तेव्हा तिनं डोळे उघडले. सगळे डंपर पुलाच्या मधोमध उभे होते. पूल जिथल्या तिथं होता. त्याला साधा तडाही गेला नव्हता.

"बसा, वहिनी," कर्नल म्हणाले. "सळई आमच्या गोदामातली होती. त्यानं ती चोरून दुसरीकडं वळवली. त्याच्याच मुकादमाला हाताशी धरून, काँक्रीट पडायच्या आधी मी तितकीच पुन्हा घालून घेतली. त्याला तेवढं कुणी सांगितलं नाही."

सुवर्णानं त्याचा दंड सोडला. ती रिकाम्या खुर्चीत टेकली. समोर पोलीस कुंदनशेठला जीपकडं नेत होते.

"मग त्या मेल्याला काम तरी कशाला दिलं, भाऊजी? एखाद्या चांगल्या माणसाला द्यायचं!"

"चांगला माणूस असता, वहिनी, तर आज तो या खुर्चीत निवांत बसला असता."